घरी बांधायचा अ‍ॅनालॉग सिंथ : ४०१०६, किट की स्वतःचा ३३४०?

घरी अ‍ॅनालॉग सिंथेसायझर, म्हणजे व्होल्टेजमधून आवाज घडवणारं इलेक्ट्रॉनिक वाद्य, बांधायचं मनात आलं की बहुतेक जण आधी खर्च विचारतात. माझ्या मते त्याआधी एक प्रश्न सोडवायला हवा, कारण खर्च, वेळ आणि पार्टची यादी या तिन्ही गोष्टी त्याच्यावर ठरतात. या वाद्यावर तुम्हाला सुरात वाजवायचं आहे का? पट्टीवर, म्हणजे कीबोर्डवर, सा रे ग म दाबलं की सा रे ग म यायला हवं, आणि दोन तासांनी खोली तापल्यावरही तेच यायला हवं, अशी अपेक्षा आहे का? की गुरगुर, शिट्ट्या, घुमणारा खर्ज, तुटक ठेके असे आवाज हाताने घडवायचे आहेत?

दोन्ही इच्छा सारख्याच मोलाच्या आहेत. पण सर्किटच्या पातळीवर त्यांच्यात फार मोठं अंतर आहे. दुसरी इच्छा एका रविवारी ब्रेडबोर्डवर, म्हणजे सोल्डर न करता पार्ट खोचायच्या फळीवर, पुरी होते. पहिलीसाठी ट्रान्झिस्टरचं भौतिकशास्त्र, तापमान आणि वीजपुरवठा या सगळ्यांशी झटावं लागतं. हे अंतर आधी न कळल्यामुळे अनेक जण चुकीच्या टोकापासून सुरुवात करतात आणि अर्धवट बोर्ड कपाटात जातो. म्हणून इथे तीन रस्ते शेजारी शेजारी ठेवतो: झीरो पीसीबीवर (भोकांच्या मोकळ्या सर्किट-बोर्डवर) ४०१०६ या सीमॉस चिपचा सिंथ, परदेशातून मागवलेलं किट, आणि ३३४० सारख्या खास ऑसिलेटर, म्हणजे सूर निर्माण करणाऱ्या, चिपभोवती स्वतः मांडलेलं वाद्य.

पहिला रस्ता : एक चिप, एक बॅटरी

सीडी४०१०६ या १४ पायांच्या आयसीत सहा श्मिट ट्रिगर इन्व्हर्टर, म्हणजे इनपुटने ठरावीक मर्यादा ओलांडली की आउटपुट उलटवणारे भाग, असतात. एका इन्व्हर्टरच्या आउटपुटपासून इनपुटपर्यंत रेझिस्टर आणि इनपुटपासून ग्राउंडपर्यंत केपॅसिटर जोडला की ऑसिलेटर तयार. केपॅसिटर भरत जातो, वरच्या मर्यादेला पोचला की आउटपुट उलटतं, मग तो रिकामा होऊ लागतो, खालच्या मर्यादेला पुन्हा उलटतं. १०० किलोओहम आणि ०.१ मायक्रोफॅरड घेतले तर साधारण शंभर-सव्वाशे हर्ट्झचा स्क्वेअर वेव्ह मिळतो. केपॅसिटर १० मायक्रोफॅरडचा टाकला तर तोच ऑसिलेटर शंभरपट सावकाश होतो आणि सेकंदाला एखादा ठोका देऊ लागतो. रेझिस्टरच्या जागी पॉट, म्हणजे फिरवून बदलता येणारा रेझिस्टर, आला की नॉब आला. एका चिपमध्ये असे सहा. सावकाश ऑसिलेटरने डायोडमार्फत वेगवान ऑसिलेटरला थांबवायचं आणि सोडायचं, एवढ्यावर ठेका सुरू होतो.

खर्चाच्या बाबतीत या रस्त्याला तोड नाही. चिप, आयसी बेस, पॉट, मूठभर रेझिस्टर-केपॅसिटर, झीरो पीसीबी आणि ९ व्होल्टची बॅटरी पाचशे रुपयांच्या आत बसतात. सोल्डरिंग आयर्न आणि मल्टिमीटर घरात नसतील तर ते वेगळे, पण ते पुढे प्रत्येक रस्त्यावर लागणारच आहेत.

दोन गोष्टी मात्र पहिल्या दिवसापासून पाळा. वापरात नसलेल्या इन्व्हर्टरचे इनपुट पाय ग्राउंडला जोडून टाका. सीमॉसचं इनपुट लोंबकळत राहिलं तर चिप उगीच करंट खाते आणि विचित्र वागते. आणि ९ व्होल्टचा हा सिग्नल थेट लॅपटॉपच्या किंवा साउंड कार्डच्या तोंडी देऊ नका. मध्ये १०० किलोओहम आणि १० किलोओहमचा विभाजक घाला, एक केपॅसिटर मालिकेत टाका. पाऊण-एक व्होल्ट उरतो आणि तेवढा पुरतो.

इथे काही जण ५५५ ही टायमर चिप सुचवतील. तीही चांगली सुरुवात आहे. दोन ५५५, किंवा दोन्ही एकत्र असलेली एक ५५६ घ्यायची. पहिला भाग सतत टिकटिकतो, दुसरा प्रत्येक टिकेला ठरावीक लांबीचा पल्स देतो. दोन पॉट फिरवले की सूर घसरत न जाता पायऱ्यापायऱ्यांनी उडतो. इलेक्ट्रॉनिक्सवरचे लोकप्रिय अमेरिकन लेखक फॉरेस्ट मिम्स यांनी हे सर्किट लोकांपर्यंत नेलं आणि पुढे ते ‘अटारी पंक कन्सोल’ या नावाने जगभर ओळखलं जाऊ लागलं. साधी ५५५ छोटा ८ ओहमचा स्पीकर केपॅसिटरमधून थेट हलवू शकते, ४०१०६ ला ते जमत नाही, तिला मागे अँप्लिफायर हवा. त्यामुळे शाळेच्या विज्ञान प्रदर्शनासाठी किंवा लहान मुलांसोबत बसून काही करायचं असेल तर ५५५ घ्या. पुढे मोठा सिंथ बांधायचा विचार असेल तर ४०१०६ घ्या. का, ते किटच्या भागात येईल.

या रस्त्याची मर्यादा सुराची आहे. सप्तक वर जायचं म्हणजे वारंवारता दुप्पट करायची, आणखी एक सप्तक म्हणजे चौपट. पॉट तसा फिरत नाही. वरच्या टोकाला केसभर हललं तरी तीन स्वर उडतात. शिवाय बॅटरी उतरू लागली की सूरही सरकतो. त्यासाठी ७८एल०५ सारखा छोटा रेग्युलेटर लावता येतो, तो लावाच, पण म्हणून त्याच्यावर यमन वाजवता येणार नाही.

म्हणून हे खेळणं ठरत नाही. अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेत १९६९ साली अमेरिकन संगीतकार डेव्हिड ट्यूडर यांनी मूग मॉड्युलर सिंथेसायझर बसवून दिला. १९७२ पर्यंत तिथल्या स्टुडिओत गीता साराभाई, अतुल देसाई, आय. एस. माथूर, एस. सी. शर्मा आणि जिनराज जोशीपुरा यांनी टेपवर रचना केल्या. त्या पिढीच्या मूगचे ऑसिलेटर सूर सोडण्याबद्दल प्रसिद्ध होते. तरी त्या यंत्रांवर जगभर गंभीर संगीत झालं, कारण रचनाकारांनी त्यांच्याकडे नाद म्हणून पाहिलं. तुमचा कल तिकडे असेल तर पहिला रस्ता तुम्हाला वर्षानुवर्षं पुरेल.

सूर न धरणाऱ्या चिपमधून बिनचूक षड्ज-पंचम

या रस्त्यावर मला सर्वांत जास्त आवडणारी युक्ती इथे सविस्तर सांगतो, कारण आपल्याकडच्या वाजवणाऱ्याला ती थेट उपयोगी आहे.

वेगवेगळे ऑसिलेटर वेगवेगळे सरकतात, हीच अडचण आहे ना? मग ऑसिलेटर एकच ठेवा आणि बाकीचे सूर भागाकाराने काढा. समजा मूळ ऑसिलेटर ३९२.४ हर्ट्झला लावला. ४०१७ हा काउंटर तिसऱ्या ठोक्याला रीसेट होईल असा जोडला की तीनने भागून १३०.८ हर्ट्झ मिळतात. हा पांढरी एकचा षड्ज. ४०४० हा काउंटर दोनदोनने भागत जातो. त्याच्या दुसऱ्या पायरीवर, म्हणजे चारने भागून, ९८.१ हर्ट्झ मिळतात. हा मंद्र पंचम. षड्जाला पुन्हा दोनने भागलं की ६५.४ हर्ट्झ, म्हणजे खर्ज. तानपुऱ्याच्या चार तारांना जे सूर लागतात ते सगळे इथे आले, आणि त्यांची गुणोत्तरं ३:४ आणि १:२ अशी नैसर्गिक आहेत. सप्तकाचे १२०० सेंट धरले तर समान अंतराच्या पट्टीवरचा पंचम ७०० सेंटवर असतो, हा ७०२ वर बसतो. कान तयार असेल तर फरक कळतो.

खोली तापो, बॅटरी उतरो, सगळा संच एकत्र सरकेल पण पंचम षड्जाला सोडणार नाही. पट्टी बदलायची तर एकच पॉट फिरवायचा. मध्यम हवा असेल तर मूळ ऑसिलेटर षड्जाच्या चौपट ठेवा: चारने भागून षड्ज, तीनने भागून त्याच सप्तकातला शुद्ध मध्यम.

जवारी मात्र यातून येणार नाही. ती घोडीवर तार घासत जाण्यातून जन्मते आणि तिथे प्रत्येक क्षणी ओव्हरटोनचा तोल बदलत असतो. स्क्वेअर वेव्हमध्ये तसं काही घडत नाही. पुढे आवाजाचा तीक्ष्णपणा कमी-जास्त करणारा एक फिल्टर लावून तो सावकाश वर-खाली केला तर आवाजात जीव येतो, पण त्याला तानपुरा म्हणू नये. रियाजासाठी तानपुराच हवा असेल तर बाजारातला इलेक्ट्रॉनिक तानपुरा घेणं शहाणपणाचं. हा खर्ज वेगळ्या कामाचा आहे: त्याच्यावर थर चढवायचे, तो विकृत करायचा, त्याच्यातून संथ लाटा काढायच्या.

सुरात राहण्याची किंमत कुठे जाते

दुसरा आणि तिसरा रस्ता महाग का, हे इथे कळतं. सिंथच्या जगात रूढ नियम एका सप्तकाला एक व्होल्ट असा आहे. म्हणजे प्रत्येक अर्धस्वराला ८३.३ मिलिव्होल्ट. पट्टीकडून येणारं व्होल्टेज सरळ रेषेत वाढतं, पण वारंवारता दरवेळी दुप्पट व्हायला हवी. हे रूपांतर ट्रान्झिस्टर करतो, कारण त्याच्या बेस-एमिटर व्होल्टेजमध्ये साधारण १८ मिलिव्होल्टची वाढ झाली की त्यातून वाहणारा करंट दुप्पट होतो. निसर्गाने हातात दिलेला हा फार सुंदर गुण आहे.

अडचण अशी की तो १८ चा आकडा तापमानाबरोबर वाढतो, दर अंश सेल्सियसला सुमारे ०.३३ टक्के. सकाळी २५ अंशांवर ट्यून केलेला सिंथ दुपारी ३५ अंशांवर वाजवायला घेतला तर ३.३ टक्क्यांचा फरक पडतो. सप्तकाच्या १२०० सेंटमध्ये तो ४० सेंट होतो. म्हणजे तार सा जवळजवळ पाव स्वर उतरलेला. आपल्याकडे प्रमाण श्रुती सुमारे २२ सेंटची मानतात; इथे एका सप्तकात तिच्या जवळपास दुप्पट घसरण झाली. तीन सप्तकं वर गेलात तर पूर्ण अर्धस्वर निसटतो. विदर्भात मे महिन्यात, पंख्याखाली बसून, हे प्रत्यक्ष अनुभवाला येतं.

यावर दोन उपाय एकत्र वापरतात. सारख्या गुणांच्या दोन ट्रान्झिस्टरची जोडी एकमेकांना चिकटवून लावायची, म्हणजे मूळ सूर सरकत नाही. आणि तापमानाबरोबर त्याच प्रमाणात वाढणारा, ३३०० पीपीएमचा टेम्पको रेझिस्टर लावायचा, म्हणजे सप्तकाची लांबी टिकते. त्यानंतर मल्टिटर्न प्रीसेट (स्क्रू-ड्रायव्हरने बारीक फिरवायचा छोटा पॉट) फिरवत, ट्यूनर लावून, खालच्या आणि वरच्या सप्तकात पुन्हा पुन्हा जुळवत बसायचं. हे काम कंटाळवाणं आहे आणि टाळता येत नाही. दुसऱ्या-तिसऱ्या रस्त्याला तुम्ही मोजता ते पैसे मुख्यतः या परिच्छेदासाठी असतात.

दुसरा रस्ता : किट

किटमध्ये पीसीबी, पॅनल, नॉब, जॅक आणि सगळे पार्ट मोजून येतात. मिळायला अवघड पार्ट शोधत फिरावं लागत नाही, आणि सर्किट चालतं हे आधीच ठाऊक असतं. हा शेवटचा फायदा वरवर साधा वाटतो, पण बिघाड शोधताना त्याची किंमत कळते. स्वतःच्या डिझाइनमध्ये आवाज येत नसेल तर चूक विचारात आहे की सोल्डरिंगमध्ये, हेच कळत नाही. किटमध्ये विचार बरोबर असतो. मग राहतात ड्राय सोल्डर, उलटा डायोड आणि चुकीच्या जागी बसलेला रेझिस्टर, एवढेच संशयित.

शिकण्याच्या दृष्टीने किटांमध्ये मोठा फरक असतो. काही किटांच्या पुस्तिकेत ‘आर१ इथे लावा, आर२ तिथे लावा’ एवढंच असतं. ते जोडून हातात वाद्य येतं, पण सिंथ कसा चालतो ते कळत नाही. याच्या अगदी उलट उदाहरण म्हणजे लाटव्हियातल्या एरिका सिंथ्सने, व्हिडिओंमधून सिंथ बांधायला शिकवणाऱ्या मॉरिट्झ क्लाइन यांच्यासोबत काढलेली शिकवणारी किट-मालिका. तिची पुस्तिका प्रत्येक सर्किट शून्यापासून उभं करत नेते आणि ब्रेडबोर्डवर आधी करून बघायला सांगते. क्लाइन यांचे व्हिडिओ फुकट बघता येतात. त्यांच्या ऑसिलेटरची सुरुवात ४०१०६ च्या एका इन्व्हर्टरपासूनच होते. त्याला पुढे एक्स्पोनेन्शियल कन्व्हर्टर, म्हणजे करंट दुप्पट-चौपट करणारं वरचं ट्रान्झिस्टरचं सर्किट, जोडला की तीच ओरडणारी चिप सप्तकाला एक व्होल्ट पाळू लागते. म्हणूनच वर म्हटलं की पुढे जायचं असेल तर ५५५ ऐवजी ४०१०६. पहिल्या रस्त्यावर हाताला लागलेली समज इथे जशीच्या तशी कामी येते.

किटची खरी अडचण बेरजेत आहे. एक ऑसिलेटर घेऊन वाद्य होत नाही. त्याच्यापुढे फिल्टर, मग आवाज कमी-जास्त करणारा व्हीसीए, त्या दोघांना आकार देणारा एन्व्हलप जनरेटर, शिवाय मिक्सर आणि आउटपुट. पट्टीवर वाजवायचं तर मिडीचं, म्हणजे कीबोर्डकडून येणाऱ्या डिजिटल संदेशांचं, व्होल्टेजमध्ये रूपांतर करणारं मॉड्यूल. हे सगळं बसवायला केस आणि ±१२ व्होल्टचा वीजपुरवठा. प्रत्येक पार्सलला टपाल आणि सीमाशुल्क. पहिलं मॉड्यूल मागवण्यापूर्वी संपूर्ण वाद्याची यादी कागदावर मांडा आणि तिची किंमत लावा. त्या आकड्यात बहुतेकदा कॉर्गच्या व्होल्का मालिकेतला एखादा तयार अ‍ॅनालॉग सिंथ येतो, बॅटरीवर चालणारा आणि सिक्वेन्सरसह. नुसता आवाजच हवा असेल तर तोच घ्यावा. पैसे वाचवण्यासाठी सिंथ बांधू नये. बांधण्यात आनंद असेल तरच बांधावा.

यादी करण्याआधी व्हीसीव्ही रॅक हा फुकट मिळणारा प्रोग्रॅम संगणकावर चढवा आणि आठ-दहा दिवस त्यात आभासी मॉड्यूल जोडून वाजवा. दोन ऑसिलेटर खरोखर लागतात का, सिक्वेन्सर पट्टीपेक्षा जवळचा वाटतो का, हे तिथे पैसे न घालवता कळतं.

तिसरा रस्ता : ३३४० आणि स्वतःची मांडणी

सीईएम३३४० ही डग कर्टिस यांची चिप. प्रॉफेट-५ या गाजलेल्या सिंथच्या तिसऱ्या आवृत्तीत ती होती. एक्स्पोनेन्शियल कन्व्हर्टर, जुळवलेले ट्रान्झिस्टर आणि तापमानाची भरपाई, म्हणजे वर ज्या कटकटी सांगितल्या त्या सगळ्या या एका चिपच्या पोटात आहेत. बाहेर ट्रँगल, सॉटूथ आणि पल्स असे तीन आकार मिळतात. मध्यंतरी ती दुर्मिळ झाली होती. २०१६ मध्ये कर्टिस यांच्या कंपनीने ती पुन्हा बाजारात आणली. शिवाय रिगाच्या अल्फा कंपनीची एएस३३४० आणि कूलऑडिओची व्ही३३४० याही मिळतात. ५५५ च्या मानाने किंमत कित्येक पट आहे, पण सुटा ऑसिलेटर बांधून तो सुरात आणायला जेवढं आयुष्य जातं त्याच्या तुलनेत ती मला स्वस्त वाटते.

जोडताना ऋण पुरवठ्याकडे लक्ष द्या. चिपच्या आत त्या पायावर झेनर, म्हणजे व्होल्टेज बांधून ठेवणारा डायोड, आहे. −१२ व्होल्ट थेट न देता डेटाशीटमधल्या हिशोबाने रेझिस्टरमधून द्यायचे. तो विसरलात तर चिप जाते.

पीसीबी स्वतः आखण्याची सक्ती नाही. अनेक डिझायनर नुसते मोकळे पीसीबी विकतात किंवा फाइल फुकट देतात. पार्ट आपण जमवायचे. किट आणि स्वतःचं डिझाइन यांच्या मधली ही वाट मला सर्वांत समतोल वाटते. सर्किट तपासलेलं असतं आणि पार्टचा बराचसा खर्च रुपयांत राहतो. एकच पथ्य पाळा: पीसीबी मागवण्यापूर्वी पार्टची यादी उघडून पाहा. त्यात सीए३०८० या अँप्लिफायर चिपसारखी उत्पादन बंद झालेली चिप दिसली तर तो बोर्ड सोडून द्या. अशा चिपच्या नावाने दुसरंच काहीतरी नवं लेबल छापून विकलं जातं, आणि ते ओळखायला पुन्हा चाचणी-सर्किट बांधावं लागतं. एलएम१३७०० असेल तर हरकत नाही. ती मिळते, आणि एका चिपमध्ये तसे दोन अँप्लिफायर असतात.

या रस्त्यावर ऑसिलोस्कोप, म्हणजे सिग्नलचा आकार पडद्यावर दाखवणारं यंत्र, हवा. डीएसओ१३८ सारखं स्वस्त किट चालेल. त्याची मर्यादा २०० किलोहर्ट्झ आहे, पण आपलं सगळं काम २० किलोहर्ट्झच्या आत असतं. स्कोप नसेल तर जुन्या स्पीकरचा अँप्लिफायर घ्या, त्याच्या इनपुटला एक केपॅसिटर जोडा आणि ते टोक सर्किटमध्ये एकेका बिंदूला टेकवत जा. आवाज जिथे गायब होतो तिथे बिघाड. हे साधन तिन्ही रस्त्यांवर चालतं आणि मी ते स्कोपच्या आधी उचलतो.

फिल्टरबद्दल थोडक्यात. मूगचा ट्रान्झिस्टर लॅडर, ज्याचं पेटंट १९६९ चं, आवाजाने अप्रतिम, पण जुळवलेले ट्रान्झिस्टर मागतो. एलएम१३७०० चा स्टेट व्हेरिएबल फिल्टर नवख्याला सोपा, आणि लो-पास, बँड-पास, हाय-पास तिन्ही देतो. सर्वांत स्वस्त उपाय म्हणजे एलईडी आणि एलडीआर समोरासमोर धरून काळ्या हीट श्रिंकमध्ये बंद करणं. एलईडीचा उजेड बदलला की एलडीआरचा रोध बदलतो आणि फिल्टर हलतो. एलडीआर थोडा सुस्त असतो, म्हणून आवाज हळुवार विझतो. खर्जाच्या वाद्याला तेच शोभतं.

एक गोष्ट मुद्दाम सांगतो. अ‍ॅनालॉग सिंथमध्ये सूर म्हणजे व्होल्टेज, आणि व्होल्टेज पायऱ्यांशिवाय सरकू शकतं. पट्टी आणि ऑसिलेटरच्या मध्ये एक पॉट, एक केपॅसिटर आणि एक ऑपअँप (छोटी अँप्लिफायर आयसी) घातला की एका स्वरावरून दुसऱ्यावर मींड घेत जाता येतं; पट्टीऐवजी बोट सरकवायची पट्टी, म्हणजे रिबन लावली तर आंदोलनही. हार्मोनियमला जे जमत नाही ते इथे दोन-तीन पार्टमध्ये जमतं. रागसंगीताच्या ओढीने सिंथ बांधणाऱ्याने हा भाग शेवटी उरलेल्या जागेत कोंबू नये, सुरुवातीलाच पॅनलवर त्याला मोठी जागा द्यावी. आणि अशा माणसासाठी पहिला रस्ता पुरणार नाही, हेही स्पष्ट आहे. मींड घ्यायची तर ज्या स्वरावर पोचायचं तो जागेवर हवा.

पार्ट आणि आकार

पुण्यात तपकीर गल्ली आणि मुंबईत लॅमिंग्टन रोड इथे ४०१०६, ५५५, टीएल०७२, टीएल०७४, बीसी५४७, १एन४१४८, एलडीआर, प्रीसेट, आयसी बेस हे सगळं मिळतं. ३३४०, टेम्पको आणि पॅनलवर बसणारे ३.५ मिलिमीटरचे खास मोनो जॅक मात्र बहुतेक वेळा ऑनलाइन किंवा परदेशातूनच मागवावे लागतात.

यावरून आकाराचा निर्णय घेता येतो. किटांमध्ये डोप्फर कंपनीने रूढ केलेलं युरोरॅक माप चालतं: उंची १२८.५ मिलिमीटर, रुंदी ५.०८ मिलिमीटरच्या पटीत, आणि तेच ३.५ मिलिमीटरचे जॅक. याउलट कॉस्मो नावाचं माप २० सेंटिमीटर उंचीचं आहे आणि त्यात गिटारसारखे ६.३५ मिलिमीटरचे जॅक वापरतात. हे मोठे जॅक आपल्याकडे मंडप-साउंडवाल्यांच्या धंद्यामुळे गल्लोगल्ली मिळतात, स्वस्त मिळतात आणि दणकट असतात. पॅनलवर जागा मोठी असल्याने साधे मोठे पॉट बसतात, हाताने भोकं पाडता येतात. किट घेणार असाल तर युरोरॅकला पर्याय नाही. तिसरा रस्ता घेणाऱ्याला मात्र मी मोठं मापच सुचवीन. प्लायवुडची चौकट, अ‍ॅल्युमिनियमचा पत्रा आणि कोपऱ्यावरच्या दुकानातले जॅक एवढ्यावर काम भागतं.

कोकणात किंवा मुंबईत राहत असाल तर सोल्डरिंग झाल्यावर बोर्ड आयसोप्रोपिल अल्कोहोलने घासून पुसा. पावसाळ्यात सोल्डरचा उरलेला फ्लक्स (चिकट राळ) ओल धरतो आणि टेम्पकोने सांभाळलेला सूर त्या गळतीने बिघडतो.

वीज, जी सगळ्यांत आधी बांधायची

पहिल्या रस्त्याला बॅटरी पुरे. दुसऱ्या-तिसऱ्याला धन आणि ऋण असा दुहेरी पुरवठा हवा. सुरुवातीला ९ व्होल्टच्या दोन बॅटऱ्या जोडून मधल्या बिंदूला ग्राउंड मानलं तर ±९ मिळतात. टीएल०७४ या ऑपअँपवर उभी असलेली बरीच सर्किटं त्यावर चालतात आणि घरच्या विजेचा ५० हर्ट्झचा गुंजारवही नसतो. ब्रेडबोर्डसाठी हा उपाय मला सर्वांत सुरक्षित वाटतो.

कायमसाठी आपल्या बाजारात सहज मिळणारा १२-०-१२ ट्रान्सफॉर्मर, ब्रिज (चार डायोडची जोडणी), मोठे केपॅसिटर आणि ७८१२ व ७९१२ ही +१२ आणि −१२ च्या रेग्युलेटरची जोडी. १२ व्होल्ट एसीचं शिखर जवळपास १७ व्होल्ट असतं, डायोडमधली घट वजा करूनही रेग्युलेटरला पुरेसं उरतं. ±१५ मागणाऱ्या जुन्या डिझाइनसाठी १५-०-१५ घ्या. २३० व्होल्टच्या बाजूला फ्यूज, झाकलेले जोड आणि अर्थिंग केलेली धातूची पेटी असायलाच हवी. याची सवय नसेल तर ही बाजू जाणत्या माणसाकडून करून घ्या किंवा तयार बंद अडॅप्टरवर चालणारा ±१२ चा बोर्ड विकत घ्या. इथे हौस दाखवू नये.

पुरवठा तयार झाला की त्याला काहीही न जोडता मीटरने दोन्ही बाजू मोजा. ७९१२ चे पाय ७८१२ पेक्षा वेगळ्या क्रमाने असतात, आणि इथली गफलत पुढच्या सगळ्या चिप एका झटक्यात जाळते. मग एकच मॉड्यूल लावा. युरोरॅकच्या रिबन केबलवरची लाल रेघ −१२ च्या बाजूला येते. लाल म्हणजे धन असं गृहीत धरून केबल उलटी लावू नका. मॉड्यूल लावल्यावर पुन्हा मोजा, रेग्युलेटरला बोट लावून तापतोय का पाहा, आणि मगच दुसरं मॉड्यूल जोडा.